पुस्तकाच्या जाहिरातीचे पैसे जाहिरातीवरच खर्च होतात का, हे तपासा

ठाणे आणि नवी मुंबईत स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्यांना सध्या एकाच पद्धतीने गंडवलं जातंय. पुस्तक ॲमेझॉनवर चढलं की फोन येतो. वाशीत ऑफिस आहे, महिन्याला पंधरा हजार द्या, जाहिरातीचा खर्च आणि आमची फी, दोन्ही त्यात आलं. सगळी गोम या ‘दोन्ही आलं’मध्ये आहे.

नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या कवितासंग्रहाचं असंच झालं. बाईंनी ॲमेझॉनवरच्या आपल्या सेलर अकाउंटचा, म्हणजे विक्रेता खात्याचा, पासवर्डच देऊन टाकला. एजन्सीने जाहिरातींसाठी आपलं कार्ड जोडलं आणि महिनाअखेर एक रंगीत पीडीएफ पाठवली: ८२,००० इम्प्रेशन्स, २२ प्रती विकल्या. खर्चाचा आकडा कुठेच नाही. इम्प्रेशन म्हणजे जाहिरात नुसती दिसली. स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्समध्ये, म्हणजे ॲमेझॉनवर दिसणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये, पैसे लागतात ते क्लिकला. बाईंच्या भाच्याने जाहिरात खात्यातलं बिलिंगचं पान उघडलं, तेव्हा त्या महिन्याचा खरा खर्च निघाला १,८७० रुपये. बाकीचे तेरा हजार एजन्सीच्या खिशात.

त्याहून वाईट गोष्ट सर्च टर्म रिपोर्टमध्ये, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर जाहिरातीतून खरेदी झाली ते दाखवणाऱ्या अहवालात, होती. २२ पैकी १७ प्रती अशा लोकांनी घेतल्या होत्या, ज्यांनी शोधताना पुस्तकाचं किंवा बाईंचंच नाव टाकलं होतं. म्हणजे नातेवाईक, जुने विद्यार्थी, प्रकाशनाला आलेली मंडळी. त्यांनी जाहिरात नसती तरी पुस्तक घेतलंच असतं. स्वतःच्या नावावर बोली लावली की क्लिक स्वस्त पडतो, विक्री लगेच दिसते आणि अहवाल देखणा होतो. म्हणून नावाचे कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते, वेगळ्या कॅम्पेनमध्ये (जाहिरात मोहिमेत) ठेवायला सांगा आणि बाकीच्या कॅम्पेनमध्ये ते निगेटिव्ह करून घ्या, म्हणजे त्या शब्दांवर तिथली जाहिरात दिसणार नाही. नवा वाचक किती आला, ते तेव्हाच कळतं.

हिशेब आधी कागदावर मांडा. समजा किंमत २५० रुपये. छपाई, पॅकिंग, ॲमेझॉनचं कमिशन आणि कुरिअर जाऊन हातात ७५ उरतात. क्लिकला ५ रुपये आणि वीस क्लिकमागे एक खरेदी, तर एका प्रतीमागे जाहिरात १०० रुपयांची. प्रत्येक प्रतीला पंचवीस रुपये पदरचे गेले. या पुस्तकाचा एकॉस, म्हणजे जाहिरातीतून झालेल्या विक्रीशी जाहिरात खर्चाचं प्रमाण, ३० टक्क्यांवर गेला की तोटा सुरू. ‘३४ टक्के म्हणजे उत्तम’ असं सांगणाऱ्याने तुमची किंमत पाहिलेली असते, तुमचा उरलेला पैसा नाही. शिवाय एजन्सीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. छापील पुस्तक करमुक्त असल्याने त्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, तोही खर्चातच धरा.

‘बेस्टसेलर’ टॅगच्या हमीला भुलू नका. एखाद्या बारक्या उपवर्गात थोड्याच प्रती एकदम विकत घेतल्या तरी क्रमांक वर जातो आणि लगेच खाली येतो. पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेतले तर तुमचंच खातं बंद होऊ शकतं.

पासवर्ड कुणालाच देऊ नका, ओटीपी सांगू नका. ॲमेझॉनच्या सेलर सेंट्रल या विक्रेत्यांच्या साइटवर युजर परमिशन्स आहेत, म्हणजे दुसऱ्याला ठरावीक कामापुरता प्रवेश देता येतो. एजन्सीला फक्त जाहिरातीपुरता प्रवेश द्या. पूर्ण ताबा मिळाला तर विक्रीचे पैसे जमा होणारं बँक खातंही बदलता येतं. तसं झालेलं दिसलं तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जाहिरातीचं कार्ड तुमचं, रोजचं बजेट तुम्ही ठरवलेलं, ॲमेझॉनचं बिल तुमच्या नावाने. एजन्सीला द्यायची ती निव्वळ फी, आणि तीही तिचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासून. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो.

साठा संपला किंवा दुसऱ्या विक्रेत्याकडे बाय बॉक्स (पुस्तकाच्या पानावरच्या खरेदीच्या बटणामागचा विक्रेता म्हणून जागा) गेला, तर जाहिरात दिसतच नाही. ‘कॅम्पेन चालू आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

काम थांबवायचं ठरलं तर आधी सगळे रिपोर्ट उतरवून घ्या, मग त्यांचा प्रवेश काढा, कार्ड आणि पासवर्ड बदला, बँक खातं आणि ओटीपीचा मोबाइल नंबर तपासा. एजन्सीला फोन त्यानंतर.