आरोग्याचा डॅशबोर्ड, आठ महिन्यांनंतर: भाकरी काढली, पट्ट्या ठेवल्या

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्यात आरोग्याचे आकडे सांभाळतो. उपकेंद्रांचे मासिक अहवाल गोळा करायचे, चुका काढायच्या, आढावा बैठकीत मांडायचे. जूनमध्ये हौसेने गूगल शीटवर डॅशबोर्ड बांधला, म्हणजे सगळे आकडे आलेखांतून एका नजरेत दाखवणारं पान. आज त्यातलं निम्मं मीच काढून टाकलंय.

पहिली आवृत्ती दिसायला झकास होती. वर लसीकरणाचा स्पीडोमीटर, खाली पाच रंगांचा पाय चार्ट (गोलाचे कापून तुकडे दाखवणारा आलेख), शेजारी नकाशा. पहिल्याच बैठकीत एका गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या) ताईंनी गोलाकडे बघून विचारलं, "हाई भाकर कापेल शे का भाऊ?" सगळे हसले, मीही हसलो. पण कोणतं केंद्र मागे आहे ते त्या भाकरीवरून कोणालाच सांगता येईना. कोनांपेक्षा एकाच रेषेपासून सुरू होणाऱ्या लांब्या माणसाला जास्त अचूक वाचता येतात, हे क्लीव्हलंड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. मला ते ताईंमुळे पटलं.

स्पीडोमीटर त्याहून फसवा. समजा चार केंद्रं ९५ टक्क्यांवर आणि एक ६० वर. सरासरी ८८, काटा हिरव्यात, बैठक खूश. आता त्या जागी आडव्या पट्ट्या आहेत, शून्यापासून सुरू होणाऱ्या, सर्वांत मागचं केंद्र सर्वांत वर. प्रत्येक पट्टीच्या टोकाला टक्क्यांशेजारी '५२ पैकी ४१' असं लिहितो. हे फार कामाचं ठरलं. पाच बाळांच्या पाड्यात एक बाळ राहिलं की वीस टक्के गेले. नुसता टक्का बघून सिस्टरला झापण्यात काय अर्थ?

खरी अक्कल आली ती रेषेच्या आलेखात. सुरुवातीला मी लस मिळालेल्या बाळांची एप्रिलपासूनची एकत्रित बेरीज दाखवायचो. ती रेषा चढतच जाते, काम थांबलं तरी खाली येत नाही. म्हणून महिन्याची वेगळी रेषा काढली, आणि नोव्हेंबरला ती धाडकन खाली आली. बैठकीत लगेच 'काम ढिलं पडलं' असा निकाल. पण दिवाळीनंतर आमच्याकडे पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, घराला कुलूप आणि लेकरं बरोबर. मग मागच्या दोन वर्षांच्या रेषा फिकट करड्या रंगात मागे टाकल्या. खड्डा दरवर्षी तिथेच होता. आता बाहेरगावी गेलेल्या बाळांचा आकडा रेषेखाली वेगळा देतो. त्यांना एकूण संख्येतून वगळा, टक्का सुधारेल, असं एकाने सुचवलं होतं. मी ऐकलं नाही. टक्का सुधारेल, पण बाळ बिनलशीचंच राहील.

रंगांचा धडा झेरॉक्सवाल्याने शिकवला. वर डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे डॅशबोर्ड बहुतेकांपर्यंत काळ्या-पांढऱ्या कागदावरच पोहोचतो. लाल आणि हिरवा, दोन्ही तिथे सारखेच राखाडी. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसंही असतातच. आता मागे पडलेलं केंद्र गडद, बाकी सगळी फिकट. फोनवरही तेच वाचायला सोपं जातं.

एक चूक वेळेवर लक्षात आली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे आकडे पाड्यानुसार टाकले होते. एखाद्या पाड्यात एकच रुग्ण असेल तर नाव न लिहिताही तो कोण ते गावाला कळतं, आणि पुढे सोयरिकीपर्यंत गोष्ट जाते. आता ते आकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर एकत्र करूनच दाखवतो. नावांची यादी फक्त ज्या सिस्टरला लागते तिच्याकडे.

नकाशाचं मात्र अजून ठरत नाही. साहेबांना तो आवडतो. पण डोंगरातलं विरळ वस्तीचं केंद्र त्यावर ऐसपैस पसरतं आणि मैदानातलं गजबजलेलं चिमटीएवढं दिसतं, त्यामुळे नजर नेमकी चुकीच्या जागी जाते. पावसाळ्यात दूषित पाण्याचे नमुने कोणत्या ओढ्याच्या कडेला निघतात ते बघायला तो चांगला. तूर्त तेवढ्यापुरताच ठेवलाय, लसीकरणाच्या पानावरून काढलाय. साहेबांनी अजून विचारलेलं नाही.