पगारवाढीचं वर्कशॉप, जळगाव: सकाळ वाया, दुपार पैसे वसूल (३/५)

रिंग रोडकडच्या एका हॉलमधे रविवारी होतं, फी ८०० रुपये, चहा-जेवण धरून. "शेठकडे पगारवाढ कशी मागायची" असा फ्लेक्स चौकात लागलेला, त्यामुळे एमआयडीसीतली पोरं भरपूर, चटईवाले, पाइपवाले, दालमिलचे दोघं-तिघं, आणि सोन्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी एक ताई. मी पाइपवाल्यांत, डिस्पॅच बघतो.

सकाळी पुण्याहून आलेले सर. बोलायला एक नंबर, पण सगळं तिकडचं. अप्रेझलच्या आधी एचआरला मेल टाका, मार्केट रेट दाखवा, दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात ठेवून बोला. आता आमच्याकडे एचआर म्हणजे मुनीमजी. आणि ऑफर लेटर दाखवलं तर शेठ म्हणणार जा ना भो मग तिकडेच, वर संध्याकाळपर्यंत तिकडच्या शेठलाही फोन गेलेला असतो कारण दोघं एकमेकांचे व्याही निघतात. हे विचारलं तर सर म्हणे कॉन्फिडन्स ठेवा. कॉन्फिडन्सवर गाडीचा हप्ता कटत असता तर काय पाहिजे होतं.

सकाळभरात टाळी पडली ती मागच्या रांगेतल्या एका भाऊंना. ते म्हणे आमच्या गावात सालदार (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी) आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालकाशी समोरासमोर बसून सालाचं ठरवतो, रोख किती, धान्य किती, उचल किती, सगळं आधीच मोकळं, आणि आपण बी.कॉम. होऊन वर्षभर शेठचा मूड बघत फिरतो. सर नुसते हसले आणि पुढची स्लाइड लावली.

जेवणात शेवभाजी, तर्री झकास, पोळ्या गार.

खरा माल दुपारी. भुसावळकडचे एक रिटायर काका, आयुष्यभर कारखान्यात पगारपत्रकं केलेली, लॅपटॉप नाही काही नाही, फळ्यावर मार्कर. आल्या आल्या म्हणे सॅलरी स्लिपा काढा. माझ्या शेजारच्या पोराचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा महिन्याचा पगार, २०,६००, त्याला शेठकडून ६०० वाढवून पाहिजे होते. काकांनी २१,२०० लिहिलं आणि त्याला गोल केला. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी दवाखान्याचा विमा, त्याची पगारमर्यादा २१,०००. ती ओलांडली की कपातीचा चालू सहामाही काळ, म्हणजे एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च, तो संपला की पुढे ईएसआय नाही. कपात वाचते पाऊण टक्का, म्हणजे दीडशेक रुपये, पण काही महिन्यांनी बायकापोरांचा दवाखाना आपल्या खिशातून. तेव्हा मागायचंच तर मेडिक्लेमचा हप्ता निघून वर काही उरेल एवढं मागा, नाहीतर ६०० साठी तोंड उघडू नका. पोरगा गप्पच झाला.

दुसरं, वाढ कशात लागली ते बघा. शेठ खुशीत हजार वाढवतात आणि मुनीमजी ते कुठल्यातरी अलाउन्समधे टाकतात. तेच हजार बेसिकमधे, म्हणजे मूळ पगारात, आले तर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) नोकरीच्या दर वर्षामागे ५७७ ने वाढते (१५ भागिले २६ चा हिशोब, म्हणजे २६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांचा पगार), म्हणजे दहा वर्षं झालेल्याला ५,७७० तिथंच. पीएफचा १२ टक्केही बेसिकवर, पण १५,००० च्या वर मालक बांधील नसतो, तिथं ओरडून उपयोग नाही असंही त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचं म्हणणं एवढंच की शेठकडे वाढ मागा, पण ती कुठं लावायची ते मुनीमजींकडे बसून बोला, आणि महिनाअखेरच्या धावपळीत तर नकोच. हे मला पटलं. मी तसंच केलं, मागितले त्याच्या निम्मे मिळाले, पण बेसिकमधे मिळाले. बाकीचं दिवाळीनंतर बघू, शेठ म्हणे.

शेवटी पाऊण तास ४,५०० च्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची जाहिरात, वर लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट, ते कुणाला दाखवायचं, शेठला? पुढच्या बॅचला जाणार असाल तर आधी फोन करून काका आहेत का ते विचारा. नुसतं दुपारचं अर्ध्या फीत जमेल का म्हणून मी विचारलं होतं, नाही म्हणाले.