तेलाची एक लिटरची पिशवी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पाच लिटरचा कॅन बंद करून आठ महिने एकेक लिटरच्या पिशव्या वापरून झाल्या. तेलाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पिशवीतून बरणीत जाईपर्यंतच्या वीतभर प्रवासाची.

दुकानात या पिशव्या रचून ठेवलेल्या असतात आणि असतात गुळगुळीत. मधली ओढली की वरच्या चार पायावर. वरचीच घ्या, पण हात फिरवून. चिकट लागली तर तिला किंवा तिच्या शेजारणीला टाचणीएवढं भोक आहे. ती रव्याच्या पुड्यावर ठेवली तर घरी पोचेपर्यंत शिऱ्याची निम्मी तयारी झालेली असते. वजनही वाचा. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या पिशवीत कमीही असू शकतं. 150 रुपयांना 910 ग्रॅम आणि 140 रुपयांना 840 ग्रॅम, यात दहा रुपये वाचवणारी पिशवीच महाग पडते.

खरी परीक्षा फोडताना. दात लावू नका. हे प्लास्टिक फाटत नाही, ताणत जातं, आणि सुटतं ते एकदम. कात्रीच घ्या. पिशवी खोल पातेल्यात उभी धरा, कोपऱ्यातलं तेल चिमटीने खाली सारा आणि करंगळीच्या नखाएवढा कोपरा कापा. वरच्या पट्टीवर तारीख छापलेली असेल तर तो कोपरा सोडून दुसरा. पत्र्याच्या डब्याला हवेसाठी दुसरं भोक लागतं, इथे नाही. पिशवी आपणहून चपटी होत जाते. मात्र मधोमध आवळून धरली की पिचकारी ठरलेली, म्हणून आधार बुडाखालून द्या.

नरसाळ्याची गंमत वेगळीच. ते बरणीच्या तोंडात घट्ट बसलं की आतली हवा अडकते, तेल खाली उतरत नाही, आणि आपण वरून ओततच असतो. कडेला एक काडी अडकवली की काम झालं. बरणी सव्वा लिटरची हवी. बरोबर लिटरची घेतलीत तर शेवटचा घोट ओट्यावर.

सांडलंच तर आधी पाणी नको, तेल पसरतं. कणीक भुरभुरा, शोषू द्या, मग साबण.

रिकामी पिशवी बरणीवर अर्धा तास उलटी टांगली तरी आत थोडं राहतंच. ती आडवी कापून मळलेल्या कणकेचा गोळा आतून फिरवला की त्या दिवशी पोळ्यांना वेगळं मोहन लागत नाही.