सात महिने आंतररेषीय 'उत्पत्ती' वाचताना: जलप्रलयाचं पाणी आलं कुठून?

आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात एका मुलीने विचारलं, "ताई, चाळीस दिवसांच्या पावसाने डोंगर बुडतील का?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून बायबलच्या पहिल्या पुस्तकाची, 'उत्पत्ती'ची, ही आंतररेषीय आवृत्ती घेतली. वर हिब्रू ओळ, खाली शब्दाला शब्द इंग्रजी आणि तळाला टिपा. रोज पहाटे अर्धा तास ते घेऊन बसते.

इतकी वर्षं प्रलय म्हणजे पाऊस असंच मनात होतं. पण 7:11 मध्ये (सातवा अध्याय, अकरावं वचन) पाऊस नाहीच, तो पुढच्या वचनात येतो. आधी 'तेहोम'चे झरे फुटतात, मग आकाशाच्या 'अरुब्बोत' उघडतात. तेहोम म्हणजे 1:2 मधलं, अंधाराखालचं अथांग पाणी. 'फुटले' या क्रियापदाचा धातू बायबलच्या पुढच्याच पुस्तकात, निर्गम 14 मध्ये, समुद्र दुभंगतो तिथलाच. अरुब्बोतचा माग काढण्यात तर दोन आठवडे गेले. हा शब्द बायबलच्या इतर पुस्तकांतही येतो: होशेयात तिथून धूर बाहेर पडतो, यशयात कबुतरं तिकडे उडत येतात, मलाखीत त्यातूनच आशीर्वाद ओतला जातो. म्हणजे घराला असतो तसा झरोका. सृष्टी घडवताना दुसऱ्या दिवशी देवाने मध्ये अंतराळ, म्हणजे आकाश, घालून वरचं आणि खालचं पाणी वेगळं केलं होतं. प्रलयात ते पाणी दोन्हीकडून परत येतं. 8:1 मध्ये पाण्यावर वारा सुटतो, तिथेही शब्द 1:2 मधलाच, 'रुआख', म्हणजे वारा किंवा आत्मा. ती ओळ वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

टिपा मात्र मला पटल्या नाहीत. वरचं पाणी म्हणजे पृथ्वीभोवतीचं वाफेचं आवरण, ते प्रलयात कोसळून संपलं, असं त्या सांगतात. मग स्तोत्र 148:4 आकाशावरच्या जलांना आजही देवाची स्तुती करायला कसं सांगतं? झऱ्यांसाठी पृथ्वीच्या पोटात खोलवर असणाऱ्या रिंगवूडाइट या खनिजातल्या पाण्याचा दाखला दिलाय. ब्राझीलच्या एका हिऱ्यात या खनिजाचा कण सापडल्याचं 2014 मध्ये जाहीर झालं. त्यात वजनाच्या साधारण दीड टक्का पाणी होतं, पण ते स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं. ते खनिज असतं त्या 410 ते 660 किलोमीटरच्या पट्ट्यात पाण्याचं तळं साचलेलं नाही की झरा वाहत नाही. वचनावर माझा विश्वास आहे, म्हणूनच असले टेकू खटकतात.

स्वरचिन्हं बारीक आहेत, भिंग लागतं. शेवटी धातूंची सूची नाही, ही खरी अडचण. तेवढ्यासाठी वेगळा कोश घ्यावा लागला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यामागचे कष्ट आता कुठे कळतात.

हिब्रू अक्षरं ओळखता येत असतील तर जरूर घ्या. त्या मुलीला मी 7:11 आणि 1:2 शेजारी लिहून दिलंय, पुढच्या रविवारी ती वर्गात वाचणार आहे.