काढा, मेडिकलची पुडी की दवाखाना?

डिसेंबरात आपल्याकडे दुपारी बनियनवर बसायचं आणि रात्री गोधडीवर गोधडी ओढायची. या दिवसांत घरटी एक तरी नाक वाहतं, आणि खापर फुटतं केळ्यावर. केळीच्या पिकावर जगणाऱ्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलातसुद्धा आजी नातवाच्या हातातलं केळं काढून घेते! सर्दी विषाणूंमुळे होते. असे दोनशेहून जास्त विषाणू आहेत, त्यांत रायनोव्हायरस सर्वांत नेहमीचा. थंडीत दारं-खिडक्या लावून सगळे एका खोलीत झोपतात, तिथं एकाची सर्दी दुसऱ्याला लागते. मोठ्यांना वर्षातून २-३ वेळा, शाळकरी पोरांना ६-८ वेळा सर्दी झाली तरी त्यात नवल नाही.

पैसे खर्च करण्याआधी एवढं बघा, की ही सर्दीच आहे का? आधी घसा खवखवतो, मग शिंका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक चोंदतं आणि ७ ते १० दिवसांत उतार पडतो. खोकला थोडा जास्त रेंगाळतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जोराचा ताप आणि अंगदुखीने आडवा झाला, तर फ्लूची शंका घ्या. ताप नाही, पण डोळे-नाक खाजतं, जिनिंगमध्ये किंवा कपाशीच्या ढिगाशी गेलं की शिंका सुटतात, घरी आलं की थांबतात, ही बहुधा ॲलर्जी. तिला सर्दीचा काढा काय करणार?

आता घरचे उपाय. हळद-दूध, आल्याचा काढा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. यातलं काहीच विषाणू मारत नाही, पण घशाला बरं वाटतं आणि खिसा हलका होत नाही. रात्रीच्या खोकल्याला चमचाभर मध चांगला, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला तो बोटावरसुद्धा चाटवू नका. वाफेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मोठ्यांनी जपून घ्यावी, पण उकळत्या पातेल्यावर पोराला चादरीखाली कोंबणं बंद करा. पातेलं कलंडून भाजण्याचा धोका वाफेच्या फायद्यापेक्षा मोठा आहे. बाकी काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजीही घटकाभर नाक मोकळं करते. औषध म्हणून नाही, पण खायला कोण नको म्हणतंय?

मेडिकलची पुडी सगळ्यात सोयीची आणि मला सगळ्यात कमी आवडणारी. काउंटरवर "सर्दी आहे, काहीतरी द्या" म्हटलं की कात्रीने तीन पाकिटांतून दोन-दोन गोळ्या कापल्या जातात, खाकी पुडीत पडतात, "सकाळ-संध्याकाळ घ्या." कापलेल्या तुकड्यावर ना नाव उरतं, ना तारीख. सर्दीच्या बहुतेक एकत्रित गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि त्याचा मार लिव्हरवर बसतो. या गोळ्यांतल्या शिंका थांबवणाऱ्या क्लोरफेनिरामिनने झोप येते, म्हणजे ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याने ती घेऊन निघू नये. ब्लडप्रेशरवाल्यांनी नाक मोकळं करणारी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. क्लोरफेनिरामिन आणि नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे. घ्यायचीच असेल तर अख्खं पाकीट मागा आणि वाचा.

नाकात टाकायचे झायलोमेटॅझोलिनचे थेंब मात्र पटकन काम करतात, आणि तिथंच फसायला होतं. मी एका हिवाळ्यात ते दोन आठवडे टाकले. शेवटी थेंबाशिवाय नाक उघडेनाच! तीन-चार दिवसांवर वापर गेला की नाक उलट जास्त चोंदतं. आता मी बाटलीवर पेनाने तारीख टाकतो. मिठाच्या पाण्याच्या साध्या थेंबांना ही अट नाही.

दवाखान्यात जायचं कधी? शेंबूड हिरवा झाला म्हणून नाही. रंगावरून जंतू ठरत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. "डॉक्टर, जरा भारी गोळी द्या" हा हट्ट आपणच धरतो, ही आपलीच चूक. दहा दिवसांनीही उतार नाही, बरं वाटून पुन्हा ताप चढला, गालाच्या हाडात किंवा कानात ठणका लागला, तर फी सार्थकी लागते. दमा किंवा साखर असेल तर इतकं थांबूही नका. आणि लहान मूल भराभर श्वास घेतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, दूध ओढत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढा.