बाळाच्या नावासाठी पवित्र शास्त्रातले नकाशे: किती कामाचे?

लेकराचं नाव पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गावावरून, डोंगरावरून किंवा नदीवरून ठेवायचं ठरलं, की विदर्भातल्या खेड्यात तीन साधनं हाताशी असतात. शास्त्राच्या शेवटच्या पानांवरचे नकाशे, मंडळीच्या (चर्चच्या) पुस्तकांच्या टेबलावर मिळणारी नावांची पातळ पुस्तिका, आणि मोबाईलवरच्या याद्या. आमच्या मते तिन्हींत नकाशे सरस आहेत, पण त्यांच्या एकट्याच्या भरवशावर नाव पक्कं करू नये.

नकाशाचा मोठा फायदा म्हणजे नावं मराठीतच असतात. शारोन, कर्मेल, गिलाद, यार्देन, बेथानी. उपासनेत आजी जे ऐकते, तेच नाव पाळण्यातही येतं. मोबाईलवरच्या बहुतेक याद्या इंग्रजीवरून उतरवलेल्या, म्हणून तिथे शेरॉन, जॉर्डन, झायन भेटतात. नाव वाईट नसतं, पण घरच्या शास्त्रात शोधायला गेलं तर सापडत नाही. पुस्तिकेत अर्थ एका शब्दात उरकलेला असतो आणि अध्याय-ओवी क्वचितच दिलेली असते. अध्याय-ओवी नसलेल्या अर्थावर विसंबू नका.

नकाशा वाचायला तीन हिब्रू शब्द पुरतात. 'बेथ' म्हणजे घर, 'बैर' म्हणजे विहीर, 'एन' म्हणजे झरा. हे कळलं की निम्मा नकाशा उलगडतो. बेथेल म्हणजे देवाचं घर, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, एन-गेदी म्हणजे करडाचा झरा. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या मुलखात 'भाकरीचं घर' हा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण बेथलेहेम हाक मारायला लांब पडतं, आणि तोडून 'बेथ' केलं की भाकर गळून नुसतं घर उरतं.

आता नकाशाची उणीव. नाव कुठे आहे ते तो दाखवतो, तिथे काय घडलं ते नाही. गरिज्जीम आणि एबाल हे दोन डोंगर नकाशावर एकमेकांना लागून दिसतात. 'एबाल' कानाला गोडही वाटतं. पण शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 11वा अध्याय उघडा: आशीर्वाद गरिज्जीमवर, शाप एबालवर. आखोर हे खोरंही असंच. यहोशवाच्या 7व्या अध्यायात ते संकटाचं ठिकाण आहे. होशेयात त्याला आशेचं दार म्हटलंय खरं, पण जन्मभर दोन्ही अध्याय समजावत बसायचं काम लेकराच्या गळ्यात कशाला? मिस्पा हे नाव आशीर्वादाचं म्हणून देतात. उत्पत्ती 31 मध्ये मात्र तो सासरा लाबान आणि जावई याकोब यांच्यातला पहारा आहे, एकाचा दुसऱ्यावर भरवसा नव्हता म्हणून लावलेली खूण. हे जाणून ठेवलं तर हरकत नाही.

म्हणून नकाशावर नाव आवडलं की तो अध्याय पूर्ण वाचा, एक ओवी नव्हे. मोबाईलवर मराठी शास्त्र असेल तर उलट्या बाजूनेही जाता येतं: शोधाच्या चौकटीत 'नाव ठेवले' टाका. माणसांची नावंही मिसळून येतील, पण ज्या जागांना कारणासह नाव मिळालं त्या ओव्या समोर येतात. उत्पत्ती 26 मधल्या इसहाकाच्या विहिरी अशाच सापडतात. पहिल्या विहिरीवर भांडण झालं, ती एसेक. दुसरीवर वैर, ती सितना. तिसरीवर कोणी भांडलं नाही, तिचं नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. विहिरीच्या पाण्यावरून होणारे तंटे पाहिलेल्या घराला रहोबोथ लगेच पटतं. अडचण एकच, शेवटचा 'थ' बोलण्यात गळतो आणि 'रहोबोत' होतं.

दुसरी चाचणी अंगणातली. ओट्यावर उभं राहून वावरातल्या माणसाला मारावी तशी हाक मारून पाहा. शिलो, तिरसा, मोरिया, बेथानी ही नावं स्वरावर संपतात, लांब जातात. वऱ्हाडी बोलीत मुलाच्या नावाला 'या' आणि मुलीच्या नावाला 'ए' चिकटणारच: गिलाद्या, शारोने. तेही म्हणून बघा. काही नावं मराठीत इथेच बाद होतात. गालीलातलं काना 'काणा' ऐकू येतं. मारा हे तर कडू पाण्याचं ठिकाण, वर मराठीत ती मारण्याची आज्ञा. रामा हे शमुवेल संदेष्ट्याचं गाव, पण ऐकणारा वेगळाच अर्थ घेईल. त्याउलट एलीम हे नाव आम्हाला फार मोलाचं वाटतं. निर्गम 15 मध्ये माराच्या लगेच पुढचा मुक्काम तोच: बारा झरे, सत्तर खजुरीची झाडं. उच्चार सोपा, मराठीत दुसरा अर्थ नाही, मुलगा-मुलगी दोघांना चालतं. जुळ्यांसाठी यशया 35:2 पाहा, कर्मेल आणि शारोन तिथे एकाच ओवीत आहेत.

नाव ठरल्यावरची खरी चूक कागदावर होते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच द्यायची सक्ती नाही. ते 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. घाई करू नका. बाळंतपण तालुक्याला झालं असेल तर नोंद तिथली असते, नाव भरायला आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन उपयोग नाही.

दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतं. इथे सियोन की सीयोन, शिलोच्या इंग्रजीत शेवटी 'एच' आहे की नाही, हे घरीच ठरवून चिठ्ठीवर दोन्ही लिप्यांत ठळक लिहून द्या. यार्देन हवं असेल तर इंग्रजीत 'वाय'ने सुरुवात करा. 'जे'ने लिहिलं तर शाळेत गुरुजी जॉर्डनच वाचतील. आधारच्या वेळी इंग्रजी टाकलं की मराठी पडद्यावर आपोआप उमटतं, शारोनचं शेरॉन तिथेच होतं. पावती निघायच्या आधी पडदा आपल्याकडे वळवायला सांगा आणि काना-मात्रा बोट ठेवून वाचा.

नवीन शास्त्र घेणार असाल तर दुकानातच शेवटची पानं उघडून बघा, सगळ्याच आवृत्त्यांत नकाशे असतीलच असं नाही. लहान आकाराच्या प्रतीत अक्षरं इतकी बारीक असतात की एलीम शोधायला भिंग लागतं.