गुरुवारची जुनी मॅच, चीज फ्रेंची आणि १९८३ चं नेब्रास्का

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली आणि या बारबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत दोन उन्हाळे गेले, आज बसलोच लिहायला. विंग्ज कशा आहेत, बियर किती थंड आहे हे बाकीच्यांनी लिहिलंय ते वाचा. मी मुख्यतः जुलैमधल्या गुरुवारांबद्दल सांगणार आहे कारण तसं काही मी अमेरिकेत दुसरीकडे कुठेच बघितलेलं नाही.

तर असं असतं. जुलैत कॉलेज फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा तो) बंद, सीझन ऑगस्ट संपता संपता सुरू होणार, नेब्रास्कातली माणसं तोवर नुसती दिवस मोजत असतात. मग हे लोक दर गुरुवारी संध्याकाळी सातला एक जुनी मॅच लावतात, हायलाइट्स नाही हं, पहिल्या किकपासून शेवटापर्यंत अख्खी. यंदाचा विषय होता, चॅम्पियन न झालेली सगळ्यात भारी टीम कोणती. चार गुरुवार, चार टीम. काउंटरवर चार काचेच्या बरण्या ठेवलेल्या, प्रत्येकीवर टीमचं नाव, आणि तुमच्या बाटलीचं बूच तुम्हाला पटेल त्या बरणीत टाकायचं. बियर पीत नसाल तर रूट बियरचं, म्हणजे बिनदारूच्या गोड पेयाचं, बूच चालतं, आम्ही दोघांनीही बरेचदा तेच केलं कारण परत गाडी चालवायची असते.

पहिल्या गुरुवारी १९८६ चं मायामी होतं. २ जानेवारी १९८७, फिएस्टा बोल (बोल म्हणजे सीझन संपल्यावरची मोठी मॅच), समोर पेन स्टेट. मायामीची पोरं मॅचआधी मिलिटरीचे कपडे घालून आली होती, क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, विनी टेस्टावर्डी त्या वर्षीचा हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) विजेता, आणि त्याच टेस्टावर्डीने त्या रात्री पाच इंटरसेप्शन दिले, म्हणजे पाच पास समोरच्यांनी झेलले. मायामीने बॉल पुढे नेला ४४५ यार्ड, पेन स्टेटने १६२, आणि स्कोअर १४-१० पेन स्टेट. आकडे बघून डोकं चक्रावतं खरं, पण मला विचाराल तर या टीमबद्दल हळहळायचं फार कारण नाही. पाच वेळा बॉल स्वतःच्या हाताने समोरच्याला दिलात तर मग दैवाला कशाला बोल लावायचा. मी माझं बूच या बरणीत टाकलं नाही आणि फारसं कोणीच टाकलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी परत मायामीच, पण २००२ चं. ही टीम म्हणजे वेगळंच प्रकरण, ३४ मॅच सलग जिंकून आलेली. आंद्रे जॉन्सन, केलन विन्स्लो, शॉन टेलर, विन्स विलफोर्क, पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये, नाव काढलेली किती माणसं एकाच टीममध्ये होती हे मोजायला बसलं की हाताची बोटं पुरत नाहीत. ३ जानेवारी २००३ ला ओहायो स्टेटशी ओव्हरटाइममध्ये २४-१७ पुढे, ओहायो स्टेटचा चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), बॉल एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पडला, मॅच संपली म्हणून मायामीवाले मैदानात धावले, आणि मग, बरंच मग, एका रेफ्रीने पिवळा रुमाल टाकला. पास इंटरफिअरन्स, म्हणजे पास झेलणाऱ्याला अडवल्याचा फाउल. ओहायो स्टेट परत जिवंत झालं आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३१-२४ जिंकलं. हातातोंडाशी आलेला घास कसा जातो ते बघायचं असेल तर ही मॅच बघा. बारमध्ये ते दृश्य तीन वेळा मागे घेऊन दाखवलं आणि प्रत्येक वेळी अर्धी माणसं एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने ओरडत होती, वीस वर्षं होऊन गेली तरी. मला स्वतःला वाटतं की थोडी ओढाओढी झाली होती पण तो रुमाल ज्या उशिराने आला ते बरोबर नव्हतं, आणि मायामीचा बॉल घेऊन पळणारा मुख्य खेळाडू मॅगाही, त्याचा गुडघा चौथ्या क्वार्टरमध्ये गेला नसता तर गोष्ट तिथवर पोचलीच नसती.

तिसरा गुरुवार आमच्या घरातला. बायकोने मास्टर्स लॉस एंजेलिसला यूएससीत केलं, त्यामुळे २००५ चं यूएससी म्हणजे तिच्यासाठी माहेरची टीम. ती लाल-सोनेरी टीशर्ट घालून आली होती, नेब्रास्काच्या लाल रंगात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिचं म्हणणं मी तिच्याच शब्दात देतो. "अरे, एका टीममध्ये दोन हाइझमनवाले, लायनर्ट आणि रेगी बुश, ३४ सलग विजय, साडेसहा मिनिटं राहिली असताना ३८-२६ पुढे. याच्यावर अजून काय पाहिजे?" समोर होतं टेक्सस. मग तो चौथा डाउन येतो, दोन यार्ड पाहिजेत, ते मिळाले की मॅच खिशात, आणि बॉल दिला लेनडेल व्हाइटला, आणि रेगी बुश कुठे, तर मैदानाबाहेर उभा. टेक्ससने अडवलं. बायकोने दोन्ही हात डोक्याला लावले, ही मॅच तिने किमान दहादा बघितलेली आहे तरी. पुढचं सगळ्यांना माहितीये, टेक्ससचा क्वार्टरबॅक व्हिन्स यंग, १९ सेकंद शिल्लक, चौथा डाउन, पाच यार्ड पाहिजेत, उजवीकडून पळत एंड झोनमध्ये, ४१-३८.

आणि इथेच माझी या जागेबद्दलची एकमेव खरी तक्रार. व्हिन्स यंगचा तो शेवटचा डाउन, आणि स्क्रीन अडकली. गोल गोल फिरतंय. जवळजवळ दोन मिनिटं. परत सुरू झालं तेव्हा कन्फेटी पडत होती. सगळ्यांना निकाल पाठ आहे हे मला कळतं, पण माणसं तीन तास बसतात ती त्या आठ यार्डांसाठी बसतात. बारवाल्या पोराला आम्ही सांगितलं तर त्याने मागे घेऊन परत लावलं, चेहरा पडला होता बिचाऱ्याचा, पण तो क्षण गेला तो गेला. ज्या रात्री लोक मॅचसाठीच येतात त्या रात्री तरी मॅच आधी उतरवून ठेवायला पाहिजे, इंटरनेटच्या भरवशावर राहायचं नाही. एक स्टार त्याच्यासाठी कापलाय.

आता खाण्याबद्दल, कारण आपल्यापैकी बरेच जण हेच विचारणार. शाकाहारी असाल तर चीज फ्रेंची मागवा. ही ओमाहा-लिंकनकडचीच खासियत आहे, ब्रेडमध्ये चीज आणि मेयो, पिठात बुडवून वरून कॉर्नफ्लेक्सचा चुरा लावून तळलेलं, आपल्या ब्रेड पकोड्याची सख्खी बहीण. गरम असताना खा, पहिल्या गुरुवारी आमची आली तेव्हा आतलं चीज घट्ट झालं होतं, नंतरच्या तिन्ही वेळा मात्र तार लांबेपर्यंत गरम. चिली (मसालेदार घट्ट रस्सा) आणि सोबत सिनॅमन रोल ही इथली जोडी, आधी विचित्र वाटते, रोलचा तुकडा मोडून चिलीत बुडवून खाल्ला की मग कळते, पण चिलीत बीफ असतं म्हणून आधी विचारा. बियरमध्ये टोमॅटो ज्यूस घालून देतात त्याला इथे रेड बियर म्हणतात, मला आवडली, बायकोला अजिबात नाही. तळलेल्या लोणच्याच्या काकड्या मीठ जास्त असतानाही संपल्या. गर्दीत ऑर्डर यायला वेळ लागतो, शेवटच्या गुरुवारी पाऊण तास लागला, पण वाढणारी बाई दर दहा मिनिटांनी येऊन सांगून जात होती म्हणून राग आला नाही.

शेवटचा गुरुवार. १९८३ चं नेब्रास्का.

तुम्ही इथे नवीन असाल तर एक लक्षात घ्या, या राज्यात मोठी प्रोफेशनल टीम नाही, जे आहे ते लिंकनचं विद्यापीठ. तिथलं मेमोरियल स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक मॅचला फुल्ल आहे, मॅचच्या दिवशी ते राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं इथले लोक सांगतात. आणि १९८३ ची टीम म्हणजे त्यांच्यासाठी देव. १२ मॅच, १२ विजय, सरासरी ५२ पॉइंट. मिनेसोटाला ८४-१३. कोलोराडोविरुद्ध एकाच क्वार्टरमध्ये ४८. टर्नर गिल क्वार्टरबॅक, माइक रोझिअर हाइझमन विजेता, आर्व्हिंग फ्रायर रिसीव्हर. पूर्ण सीझनभर पहिला नंबर सोडला नाही.

२ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, मायामीशी मायामीच्याच घरच्या मैदानावर. बघता बघता १७-० मागे. मग ती फंबलरूस्की नावाची चाल, क्वार्टरबॅक बॉल मुद्दाम जमिनीवर ठेवतो आणि डीन स्टाइनकुलर नावाचा लाइनमन, म्हणजे एरवी ज्याचं काम नुसतं धक्के मारायचं, तो बॉल उचलून टचडाऊनला पळत जातो. अख्खा बार उभा राहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बरोबरी, परत मायामी ३१-१७, रोझिअरचा घोटा गेला, तो बाहेर. त्याच्या जागी जेफ स्मिथ. शेवटी ४८ सेकंद राहिलेत, चौथा डाउन, आठ यार्ड पाहिजेत, आणि जेफ स्मिथ २४ यार्ड पळत आत. ३१-३०.

आता इथे थांबून समजून घ्या कारण सगळा वाद इथेच आहे. त्या काळी कॉलेजमध्ये ओव्हरटाइम नव्हता, तो १९९६ ला आला. टचडाऊननंतर साधी किक मारली की एक पॉइंट, मॅच ३१-३१ टाय. त्याच दिवशी दुसऱ्या नंबरची टेक्सस जॉर्जियाकडून १०-९ हरली होती. आणि चॅम्पियन तेव्हा मतांनी ठरायचा. म्हणजे टाय झाली असती तरी १२ विजय आणि एक टाय घेऊन नेब्रास्का जवळजवळ नक्की चॅम्पियन. कोच टॉम ऑसबर्नने किक मारली नाही. दोन पॉइंटसाठी गेला, म्हणजे किकऐवजी बॉल परत एकदा एंड झोनमध्ये न्यायचा. गिल उजवीकडे सरकला, स्मिथकडे पास टाकला, मायामीच्या केनी कॅलहूनचा हात लागला, बॉल स्मिथच्या अंगावरून खाली. संपलं. मायामी चॅम्पियन.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक आजोबा होते, लाल टोपी, सत्तरीचे असावेत, चारही गुरुवार एकटेच यायचे. स्मिथचा टचडाऊन झाल्यावर सगळा बार ओरडत होता तेव्हा ते उठले, खुर्ची नीट आत ढकलली आणि बाथरूमकडे निघाले. बायकोने विचारलं, आता जाताय? ते म्हणाले तो पास मी एकदा बघितलाय, तेव्हा. परत आले तेव्हा स्क्रीनवर मायामीचे लोक नाचत होते, ते खाली बसून बाटलीवरचं लेबल नखाने काढत राहिले, अख्खं एका तुकड्यात निघेपर्यंत.

गाडीत आमचं भांडण झालं, म्हणजे चर्चा. बायको म्हणते किक मारायला पाहिजे होती, चॅम्पियनशिप हातात असताना सोडतं का कोणी, पोरांनी वर्षभर घाम गाळलाय. मी म्हणतो तेच तर. मायामी १९८६ ने बॉल दिला, मायामी २००२ कडून रुमालाने घेतली, तुझ्या यूएससीला यंगने मैदानात हरवलं. नेब्रास्काला कोणी काढून घेतली नाही, त्यांनी टायवर चॅम्पियन व्हायला नकार दिला. २००४ च्या ऑबर्नसारख्या टीम आहेत ज्या एकही मॅच न हरताही फायनलला बोलावल्याच गेल्या नाहीत, २०२३ चं फ्लोरिडा स्टेट तसंच, १३-० आणि क्वार्टरबॅक जखमी म्हणून बाहेर, त्यांच्यावर अन्याय झाला आणि त्याची चीड येते, त्यांच्यासाठी पाचवी बरणी पाहिजे होती असं मी काउंटरवर सांगितलंय सुद्धा. पण सगळ्यात भारी कोण विचाराल तर माझं बूच ८३ ला. २०२३ ला अहमदाबादला आपण दहा सलग जिंकून फायनल हरलो तेव्हा मी तीन दिवस नीट जेवलो नव्हतो, तरी ती हार मला समजते, समोरचे त्या दिवशी चांगले खेळले. ऑसबर्नचा तो निर्णय मला अजून पूर्ण समजलेला नाही आणि तरी तो मला बरोबर वाटतो. ११ वर्षांनी, १ जानेवारी १९९५ ला, त्याच ऑरेंज बोलमध्ये त्याच मायामीला २४-१७ हरवून ऑसबर्न पहिल्यांदा चॅम्पियन झाला, ती मॅच पुढच्या उन्हाळ्यात लावा अशी माझी बारवाल्यांना विनंती आहे.

बुचं मोजली तेव्हा ८३ ची बरणी काठोकाठ होती, ओमाहात दुसरं काय होणार. यूएससीच्या बरणीत पण बरीच निघाली, त्यातली चार आमच्या घरची. आजोबांनी त्यांचं बूच कुठल्याच बरणीत टाकलं नाही, खिशात ठेवून घेऊन गेले.

चार स्टार. दोघांचं बिल टिप धरून ५० डॉलरच्या आत येतं. पार्किंग मागच्या बाजूला, फुकट. स्क्रीनसमोरचं टेबल पाहिजे असेल तर साडेसहाच्या आत पोचा, आणि खिडकीकडचं लहान टेबल रिकामं दिसलं तरी तिथे बसू नका, ते आजोबांचं आहे.